मर्यादा पाण्याची आणि मर्यादा आपली



आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक घड्याळ आहे. सासूबाईंनी ते मुद्दाम तिथे लावून घेतलंय. पहाटे पाणी गाळलं की त्या वर बघतात आणि मोठ्याने सांगतात, "साडेसहा झाले गं!" म्हणजे त्या पाण्याची वेळ सुरू झाली. गाळलेल्या पाण्याची मर्यादा ४८ मिनिटं, उकळलेल्याची २४ तास. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. लग्न होऊन वेरूळला आले तेव्हा एवढ्या काटेकोरपणाची मला सवय नव्हती. आता माझे हातच आपोआप घड्याळाकडे बघून चालतात.

याच सासूबाई दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात एका सकाळी स्वयंपाकघरात आल्या नाहीत. मागच्या खोलीत सतरंजी टाकून बसल्या होत्या. मी विचारलं, "आई, बरं नाही का वाटत?"

"काही नाही. बाजूला आहे."

मला आधी कळलंच नाही. त्यांचं वय ६१. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली. म्हटलं, "आई, आता कसली अडचण?"

"आली परत. होतं एखादीला. चार दिवसांनी न्हाईन."

चार दिवस त्या शांतपणे बाजूला बसल्या. कशाला शिवल्या नाहीत, देवदर्शनाला गेल्या नाहीत, पाचव्या दिवशी न्हाऊन पुन्हा पाणी गाळायला उभ्या. नंतर खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, ही तिसरी वेळ होती. आधीच्या दोन वेळा कंबर दुखतेय म्हणून सांगितलं होतं. कपडा रात्री गुपचूप धुवायच्या आणि न्हाणीत बादलीच्या मागे वाळत घालायच्या. मी त्यांना संभाजीनगरला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तुकडा काढून पाठवला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. फार पसरलेला नव्हता, म्हणून शेक देऊन उपचार झाले आणि आज त्या बऱ्या आहेत. पण डॉक्टरीणबाई एक वाक्य बोलल्या ते माझ्या मनातून जात नाही. "पहिल्यांदा दिसलं त्याच आठवड्यात यायला हवं होतं."

घरी येताना गाडीत मी विचारलं, "आई, सांगितलं का नाही?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बाईच्या जातीला काही मर्यादा असते की नाही?"

हे सगळं त्यांना विचारूनच लिहितेय. त्या म्हणाल्या, "लिही. दुसरी कुणी बसायला नको अशी."

तेव्हापासून मला एक गोष्ट सतत टोचते. मर्यादा हा शब्द आपल्या घरात दोन अर्थांनी वापरला जातो. पाण्याची, पिठाची, दह्याची मर्यादा म्हणजे जागं राहणं, वेळ मोजणं, नीट डोळ्यांनी बघणं. आणि बाईची मर्यादा म्हणजे झाकणं, गप्प राहणं, न बघणं. पहिली मर्यादा आपल्याला धर्माने शिकवली. दुसरी लाजेने शिकवली आणि आपण तिला धर्म समजून बसलो. माझं म्हणणं एवढंच आहे की जी काळजी आपण पाण्याच्या घड्याची घेतो, तीच आपल्या शरीराच्या सगळ्यात झाकलेल्या भागाची घ्यायला हवी. म्हणून आज मी शब्द लपवणार नाही. आपण बायकाच आहोत इथे.

हे गप्प बसणं फक्त आपल्या घरांत आहे असं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि जगभर गाजली. त्या बायकांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा कोणता ना कोणता त्रास होता. आणि आधी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. म्हणजे कितीतरी जणी दुखणं अंगावर काढत होत्या आणि ते बाईच्या नशिबाचाच भाग आहे असं धरून चालत होत्या. त्या बायका गरीब होत्या, दवाखाना लांब होता. आपल्या दारात गाडी असते, हातात मोबाईल असतो. मग आपलं कारण काय?

आता रोजच्या सवयींकडे येऊ. पहिली सवय पाळीच्या कपड्याची. आपल्यापैकी बऱ्याच जणी अजून सुती कपडा वापरतात, बऱ्याच जणी पॅड. दोन्हीत वाईट काही नाही. सुती कपडा तर त्वचेला चांगलाच. पण तो थंड पाण्यात रक्त काढून, साबणाने धुऊन, उघड्यावर कडक उन्हात वाळला पाहिजे. आपण काय करतो? परकराखाली लपवतो, न्हाणीच्या खिळ्याला टांगतो, ओलसर असतानाच घडी घालून ठेवतो. ओडिशात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कपडा घरात वाळवणाऱ्या आणि संडासात लपवून ठेवणाऱ्या बायकांमध्ये बुरशीचा संसर्ग जास्त होता. पावसाळ्यात लोणच्याच्या बरणीला ओला हात लागू देत नाही आपण. ओल आली की बुरशी आली हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि पॅडची मर्यादा? ती चार ते सहा तास, डाग कमी असला तरी. लग्नकार्यात, विधानात, यात्रेत सकाळचं पॅड संध्याकाळपर्यंत तसंच ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात, मीही ठेवलंय. ४८ मिनिटं मोजणाऱ्या आपण, इथे दहा तास कसे विसरतो? काही घरांत तीन दिवस अंघोळच करायची नाही असाही नेम असतो. पाळीत मंदिरात न जाण्याचा नेम मी आजही पाळते, ती माझी श्रद्धा आहे आणि त्यावर मला वाद घालायचा नाही. पण रोजची अंघोळ, कोरडा स्वच्छ कपडा आणि उन्हातली दोरी यांच्या आड कुठलीच श्रद्धा येत नाही. बाजूला बसायचंच असेल तर ती विश्रांती असू दे, अंधारी ओली खोली नको.

दुसरी सवय पाण्याची. ही माझी स्वतःची गोष्ट. रात्री चारही आहारांचा त्याग मी बारा वर्षं करतेय. दशलक्षणात एकासन. आणि दरवर्षी पर्व संपता संपता मला लघवीला जळजळ व्हायची, कधी थंडी वाजून ताप यायचा. मी मनात म्हणायचे, कर्माचा उदय. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "दिवसभरात पाणी किती पिता?" मोजलं तर चार पेले. आणि तेही संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी घाईघाईत दोन. दोष व्रताचा नव्हता. सूर्योदय ते सूर्यास्त बारा तास असतात, त्यात मी पाणी पीतच नव्हते. स्वयंपाक, पूजा, आल्यागेल्याचं बघण्यात राहून जायचं.

बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटर असते, म्हणून आपल्याला हा संसर्ग पुरुषांपेक्षा सहज होतो. वारंवार त्रास होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर एक अभ्यास झाला होता. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, ज्यांनी नेहमीसारखंच प्यायलं त्यांना ३.२ वेळा. निम्म्यावर आला म्हणा ना. मी आता दिवसा दर तासाला-दीड तासाला एक पेला पिते. त्या ओट्यावरच्या घड्याळाचा मला असाही उपयोग होतो. व्रत चालू आहे, जळजळ गेली. ज्यांना मुतखडा आहे, मधुमेह आहे, किडनीचा त्रास आहे किंवा जी गरोदर आहे, तिने निर्जल उपवासाआधी डॉक्टरांशी आणि माताजींशीही बोलावं. आजारी माणसाने शक्ती बघून व्रत घ्यावं हे आपल्या साधुसाध्वीच सांगतात.

पाणी पिण्याइतकंच लघवी न तुंबवणंही महत्त्वाचं. यात्रेला निघताना "वाटेत सोय नसते" म्हणून आपण सकाळपासून घोटभर पाणी पीत नाही. पार्श्वनाथांच्या टेकडीवर येणाऱ्या किती तरी बायका मला हेच सांगतात. यात्रेची बस ठरवतानाच महिला मंडळाने दर दोन-अडीच तासांनी सोय असलेल्या ठिकाणी थांबायचं असं ठरवून टाकावं. जेवणाची, देवदर्शनाची वेळ ठरते तशी ही पण ठरवावी. आणि संडासनंतर धुताना हात पुढून मागे न्यावा, मागून पुढे नको. मुलींना लहानपणीच शिकवायची गोष्ट आहे ही, पण कितीजणींना कुणी शिकवली?

तिसरी सवय जरा वेगळी, कारण ती आपल्या स्वच्छतेच्या हौसेतून येते. मी अशा कितीतरी जणी ओळखते ज्या शुद्धीच्या नावाखाली आतपर्यंत साबण लावतात, जंतुनाशक द्रव पाण्यात घालून धुतात, सुगंधी पावडर टाकतात. आता तर जाहिरातींनी त्यासाठी रंगीत बाटल्याही आणल्यात. मैत्रिणींनो, योनीमार्ग स्वतःला स्वतः स्वच्छ ठेवतो. तिथे लॅक्टोबॅसिलस नावाचे सूक्ष्म जीव राहतात. ते आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे रोगाचे जंतू टिकत नाहीत. साबणाने आणि जंतुनाशकाने आपण हे राखणदारच मारतो आणि मग खाज, वास, स्राव सुरू होतो. तो आला की आपण आणखी धुतो. विनाकारण जीव मारायचा नाही हे आपल्याला माहीत आहे. इथे तर मारलं की त्रासही आपल्यालाच होतो. बाहेरचा भाग साध्या कोमट पाण्याने धुवावा, कोरडा करावा, सुती आतले कपडे घालावेत आणि रोज बदलावेत. बस्स. पाळी गेल्यावर तिथे कोरडेपणा येतो, आग होते, त्यावरही औषध असतं. वय झालं म्हणून सोसायचं नाही.

आता अंगावरून पांढरं जाण्याविषयी. थोडं पांढरट किंवा पाण्यासारखं, वास नसलेलं जाणं हे प्रत्येक बाईला असतं, पाळीच्या मधल्या दिवसांत जरा जास्तच. त्याने हाडं झिजत नाहीत, अशक्तपणा येत नाही. पण दही फाटल्यासारखं जाऊन खाज सुटली, रंग पिवळा-हिरवा झाला, कुबट वास आला, ओटीपोटात दुखलं, संबंधानंतर रक्त दिसलं तर ते दुखणं आहे आणि त्यावर साधे उपचार आहेत. परत परत खाज येत असेल तर साखरही तपासून घ्या. काही वेळा नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, तिथे लाजून फक्त आपणच गोळ्या घेतल्या तर त्रास परत येतो.

आणि याच्या दुसऱ्या टोकाचीही एक गोष्ट सांगते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं. सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात कितीतरी जणी पांढरं जातं, पोट दुखतं एवढंच सांगायला गेल्या होत्या. "पिशवी काढून टाकली की कटकट गेली" असं आपल्याकडेही सर्रास बोललं जातं. न बोलता सोसणं जसं चूक, तसं पहिल्याच सल्ल्यावर पिशवी काढणंही चूक. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग एका दिवसात होत नाही. एचपीव्ही नावाच्या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकून राहिला तर तो होतो, त्याला बहुतेक वेळा दहा-पंधरा वर्षं तरी लागतात. एवढा वेळ आपल्या हातात असतो. आपल्याच मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यात, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांनी १९९९ पासून एक मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार बायका, खेड्यापाड्यांतल्या. एका गटाची एचपीव्ही तपासणी केली, फक्त एकदा. आठ वर्षांनी बघितलं तर त्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले होते आणि ज्यांना नेहमीसारखंच ठेवलं होतं त्या गटात ६४. दोन्ही गट साधारण सारखेच मोठे. आयुष्यात एक तपासणी आणि मृत्यू निम्मे. ते आकडे वाचताना मला सतरंजीवर बसलेल्या आई दिसल्या.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी तर दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून, सौम्य सिरका लावून तपासायला लावलं. त्यानेही या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे फार मोठी यंत्रं लागत नाहीत. तपासणीला पाच-दहा मिनिटं लागतात, दुखत नाही म्हटलं तरी चालेल, आणि बाई डॉक्टरच करतात असं आधी फोन करून विचारून घेता येतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, निदान ३५ आणि ४५ व्या वर्षी तरी व्हायलाच हवी. लेकींसाठी ९ ते १४ या वयात लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने आपली भारतीय लसही बनवली आहे. पण लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तपासणी करायचीच.

एक गैरसमज मात्र तोडून टाका. "शीलवान बाईला हा रोग होत नाही" असं मी एका जाणत्या बाईच्या तोंडून ऐकलं. हा विषाणू इतका सर्रास आहे की संसार केलेल्या बहुतेकांना तो कधी ना कधी होऊन जातो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप जातोही. वीस-तीस वर्षांपूर्वीचा संसर्गही असू शकतो. माझ्या सासूबाईंच्या शीलावर बोट ठेवणारा अजून जन्मायचाय. रोगाचा आणि चारित्र्याचा संबंध जोडला की बाई पुन्हा गप्प बसते, आणि गप्प बसली की रोग वाढतो.

काही जणी म्हणतील, आपण रोज भावना भावतो की शरीर अशुचि आहे, मग त्याचं एवढं कौतुक कशाला? मीही यावर खूप विचार केला. अशुचि भावना शरीराचा मोह सुटावा म्हणून आहे, शरीराची हेळसांड करावी म्हणून नाही. मंदिराची पायरी चढायला, स्वाध्यायाला बसायला, व्रत पाळायला हेच शरीर लागतं. आणि आपल्या धर्मात हिंसेचं मूळ प्रमादात आहे, बेफिकिरीत आहे. न बघता चालणं हा प्रमाद, न गाळता पिणं हा प्रमाद. मग दहा वर्षांनी दिसलेलं रक्त बघून न बघितल्यासारखं करणं, हा प्रमाद नाही तर काय? नटणंमुरडणं वेगळं आणि जागरूक राहणं वेगळं.

आमच्या इथल्या ३२ क्रमांकाच्या लेण्यात, इंद्रसभेत, अंबिकेची मूर्ती आहे. वर आंब्याचं झाड, खाली सिंह, जवळ मूल. पाहुणे आले की आई त्यांना हौसेने तिथे नेतात. हजार-अकराशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेली ती आई कुठेही अंग चोरून बसलेली नाही. भरदार, निवांत, सगळ्यांच्या समोर बसलीय. तिला आपण हात जोडतो. मग आईपण देणाऱ्या त्याच अवयवांविषयी बोलताना आपला आवाज खाली का जातो?

माझी विनंती एवढीच. या महिन्यात घरातल्या एका मोठ्या बाईला विचारा, आईला, सासूबाईंना, जावेला, नणंदेला. "पाळी गेल्यावर कधी डाग दिसला का? कुठे जळजळ, खाज, वास?" एका वेळी सांगणार नाहीत, दुसऱ्यांदा विचारा. महिला मंडळाच्या सभेत एक दिवस डॉक्टरीणबाईंना बोलवा आणि दार लावून मोकळं बोला. आणि तीस ओलांडलेल्या प्रत्येकीने तपासणीची तारीख ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा, अष्टमी-चतुर्दशी लिहितो तशीच.

आमच्याकडे आता गच्चीवर बायकांच्या कपड्यांसाठी एक वेगळी दोरी आहे, भर उन्हात. पहिले काही दिवस आई वर जाऊन त्यावर टॉवेल पांघरून यायच्या. मी तो काढायचे. आता टाकत नाहीत. दर तीन महिन्यांनी तपासणीला जायचं असतं, तेव्हा त्याच सकाळी आठवण करतात. घड्याळाकडे बघतात आणि म्हणतात, "चल गं, वेळ झाली."

जय जिनेंद्र.